पॉलिस वापरून बघितलं: लोकांचं एकमत सापडतं, पण ते सरकारच्या टेबलावर ठेवणार कोण?

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. पाचपैकी साडेतीन स्टार. त्यातले तीन डिझाइनला, अर्धा फुकट आणि ओपन सोर्स असल्याबद्दल, आणि जे दीड कापलेत त्यातला बराचसा दोष खरं तर टूलचा नाहीच, ते वापरणाऱ्या सरकारांचा आहे, पण रिव्ह्यू टूलचा लिहितेय तर मार्क त्याचेच कापणार ना.

ज्यांना पॉलिस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे लोकांची मतं गोळा करायचं ऑनलाइन टूल आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, ॲप वगैरे टाकावं लागत नाही. कोणीतरी एक विषय मांडतं, समजा 'सार्वजनिक जागी चेहरा ओळखणारे कॅमेरे असावेत का', मग तुमच्यासमोर लोकांनी लिहिलेली वाक्यं एकेक करून येत राहतात आणि प्रत्येक वाक्याखाली तीनच पर्याय: सहमत, असहमत, पास. स्वतःचं म्हणणं मांडायचं असेल तर १४० अक्षरांत वाक्य लिहून टाकायचं, ते पुढे बाकीच्यांसमोर जातं, ते लोक त्यावर मत देतात. झालं. रिप्लायचं बटण नाही. कोणी कितीही मूर्खासारखं लिहिलेलं असो, तुम्ही त्याला उत्तर देऊ शकत नाही, फार तर 'असहमत' दाबून पुढे जायचं किंवा स्वतःचं वेगळं वाक्य टाकायचं. पहिली पाच मिनिटं हाताला अक्षरशः खाज सुटते. मग लक्षात येतं की डोकं शांत आहे, आणि आपण समोरच्याचं नाव, फोटो, जात-धर्म-पक्ष काहीच न बघता फक्त वाक्य वाचतोय.

२०१२ च्या आसपास सिॲटलमध्ये कॉलिन मेगिल, ख्रिस्तोफर स्मॉल आणि मायकेल ब्योर्केग्रेन या तिघांनी हे बनवायला घेतलं, आता कॉम्प्युटेशनल डेमोक्रसी प्रोजेक्ट नावाची ना-नफा संस्था ते सांभाळते. पूर्ण कोड उघडा आहे, कोणीही बघावा, स्वतःच्या सर्व्हरवर चढवावा. सरकारी कामासाठी वापरायच्या टूलमध्ये ही गोष्ट मला सगळ्यात आधी बघावीशी वाटते, कारण लोकांची मतं मोजणारं यंत्र आतून कसं चालतं हेच जर कंपनीचं गुपित असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आता हे मुळात लागतं कशाला. नवीन तंत्रज्ञान आणि सरकारी धोरण यांचं गणित कायम वरातीमागून घोडं असंच असतं. डेव्हिड कॉलिंग्रिज नावाच्या अभ्यासकाने १९८० मध्ये ही अडचण फार नेमकी मांडून ठेवलीये: तंत्रज्ञान कोवळं असतं तेव्हा त्याला वळण लावणं सोपं, पण त्याचे परिणाम काय होणार हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि परिणाम दिसायला लागतात तोवर ते सगळीकडे इतकं रुजलेलं असतं की हात लावणं महाग पडतं. एआय घ्या, ड्रोन घ्या, जीन एडिटिंग घ्या, सगळीकडे हेच. म्हणजे निर्णय घ्यायची खरी वेळ तीच जेव्हा माहिती अर्धवट असते, आणि माहिती अर्धवट असताना तज्ज्ञांइतकंच हेही कळावं लागतं की लोकांना नेमकी कशाची भीती वाटतेय, काय चालेल, काय अजिबात चालणार नाही.

यासाठी पूर्वी बऱ्या व्यवस्था होत्या. अमेरिकेच्या संसदेकडे १९७२ पासून ऑफिस ऑफ टेक्नॉलॉजी असेसमेंट नावाचं स्वतःचं कार्यालय होतं, खासदारांना नवीन तंत्रज्ञान समजावून सांगायचं एवढंच त्याचं काम, शेकडो अहवाल काढले, आणि १९९५ मध्ये खर्चकपातीत ते बंद करून टाकलं, नेमकं इंटरनेट घराघरात शिरायच्या तोंडावर! डेन्मार्कमध्ये १९८७ पासून एकमत परिषदा भरायच्या, पंधराएक सामान्य माणसं निवडून त्यांना तज्ज्ञांना प्रश्न विचारायला लावायचे आणि शेवटी अहवाल त्या सामान्य माणसांनीच लिहायचा. पद्धत सुरेख, पण पंधरा माणसांची. लाख लोकांना विचारायचं तर सरकारकडे एकच जुना मार्ग, मसुदा वेबसाइटवर टाका आणि हरकती-सूचना मागवा.

त्या मार्गाचं काय होतं याचा नमुना बघायचा तर २०१७ मधलं अमेरिकेतलं नेट न्यूट्रॅलिटी प्रकरण वाचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या साइटना सारखंच वागवायचं हा नियम ठेवावा की काढावा याचं भांडण. तिथल्या दूरसंचार आयोगाकडे म्हणजे एफसीसीकडे २ कोटी २० लाखांहून जास्त प्रतिक्रिया आल्या. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलने चौकशी करून २०२१ मध्ये अहवाल दिला, त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट निघाल्या. सुमारे ८५ लाखांच्या मागे ब्रॉडबँड कंपन्यांच्या पैशावर चाललेली मोहीम होती, आणि दुसऱ्या बाजूने ७७ लाख एका १९ वर्षांच्या कॉलेजातल्या पोराने एकट्याने पाठवलेल्या, खोटी नावं बनवून! आणि ही एआय चॅटबॉट यायच्या आधीची गोष्ट. आज तेच करायचं तर प्रत्येक प्रतिक्रिया वेगळ्या शब्दांत, वेगळ्या सुरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट लिहून मिळेल. तर 'किती लोकांनी काय लिहिलं' हे मोजण्यात आता काही राम उरलेला नाही, आणि पॉलिसची गंमत ही की ते मोजतं दुसरंच काहीतरी.

इथे थोडं गणित येणार, कंटाळा आला तर हा परिच्छेद सोडा, पण सोडू नका, सगळी मजा इथेच आहे. मनात एक मोठा तक्ता आणा, आडव्या ओळीत माणसं, उभ्या रांगेत वाक्यं, प्रत्येक घरात सहमत असहमत किंवा पास, आणि न बघितलेली वाक्यं रिकामी. मशीन या तक्त्यातून शोधतं की कोणती माणसं साधारण एकसारखी मतं देतायत, आणि त्यांना एका सपाट नकाशावर जवळजवळ ठेवतं, मग त्यांचे दोन, तीन, फार तर पाच गट पाडतं. वापरलेल्या पद्धती अगदी जुन्या आणि पाठ्यपुस्तकातल्या आहेत, प्रिन्सिपल कॉम्पोनन्ट ॲनालिसिस आणि के-मीन्स, यात जादू काही नाही. वाक्यांचा अर्थ मशीनला कळत नाही आणि कळायची गरजही नाही, ते फक्त मतांचा आकार बघतं, त्यामुळे भाषा कुठलीही असो फरक पडत नाही. खरी करामत पुढे आहे. एखाद्या वाक्याला एकूण किती टक्के पाठिंबा यापेक्षा प्रत्येक गटात किती पाठिंबा हे बघितलं जातं आणि ते आकडे एकमेकांशी गुणले जातात. समजा एक गट ९०० लोकांचा, दुसरा १०० चा. एका वाक्याला मोठ्या गटात ९० टक्के पाठिंबा आणि छोट्या गटात २० टक्के, गुणाकार होतो ०.१८. दुसऱ्या वाक्याला दोन्हीकडे ७० टक्के, गुणाकार ०.४९. साध्या मतदानात पहिलं वाक्य ८३ टक्क्यांनी आरामात जिंकलं असतं. इथे दुसरं वर येतं. मोठ्या गटाने नुसत्या संख्येच्या जोरावर छोट्याला चिरडायचं ठरवलं तर इथे ते जमत नाही, आणि हजार बनावट खाती एकाच बाजूने ओरडायला लागली तरी ती बहुतेक एकाच गटात जाऊन पडतात. शंभर टक्के बंदोबस्त नाही हा, दोन्हीकडे घुसखोरी करणारा हुशार निघालाच तर त्याला नुसत्या या गणिताने अडवता येत नाही. पण प्रतिक्रियांच्या ढिगापेक्षा कितीतरी बरं.

याच विचाराचं एक भावंड तुम्ही नकळत बघितलेलं असेल. ट्विटरवर २०२१ मध्ये बर्डवॉच नावाने सुरू झालेलं आणि आता कम्युनिटी नोट्स म्हणून ओळखलं जाणारं फीचर, त्यातही एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या लोकांना एखादी टीप उपयोगी वाटली तरच ती सगळ्यांना दिसते.

आता तैवान. पॉलिसबद्दल बोलणारा प्रत्येक माणूस तैवानवर येतोच, मीही आले. २०१४ च्या मार्चमध्ये चीनबरोबरच्या सेवा-व्यापार कराराविरुद्ध विद्यार्थी थेट संसदेत घुसून बसले, तीनेक आठवडे हलले नाहीत, सूर्यफूल आंदोलन म्हणतात त्याला. सरकारची अब्रू गेली. त्या वर्षाच्या डिसेंबरमध्ये जॅकलिन त्साय या मंत्री गव्ह झिरो नावाच्या, सार्वजनिक कामासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या हॅकर मंडळींच्या मेळाव्यात जाऊन म्हणाल्या की डिजिटल कायद्यांवर चर्चा करायला काहीतरी व्यासपीठ बनवा. त्यातून व्हीतैवान नावाचं व्यासपीठ आलं, आणि २०१५ मध्ये उबरच्या भांडणात त्यांनी पॉलिस वापरलं. टॅक्सीवाले एकीकडे, उबरवाले दुसरीकडे, नकाशावर दोन गट अगदी दोन टोकांना. पण रिप्लाय नसल्यामुळे लोकांना शिव्या देऊन पाठिंबा मिळेना, मग मंडळी हळूहळू अशी वाक्यं लिहायला लागली जी समोरच्या गटालाही पटतील. प्रवाशांचा विमा हवा, कर भरायला हवा, नोंदणी हवी, आणि टॅक्सी धंद्यानेही या निमित्ताने आपली सेवा सुधारायला हवी, अशा गोष्टींवर दोन्हीकडची डोकी हलली. मग ते मुद्दे घेऊन उबर, टॅक्सी संघटना, सरकारी खाती यांना समोरासमोर बसवलं आणि ती बैठक लाइव्ह दाखवली. ऑड्री टँग, ज्या पुढे २०१६ मध्ये तिथल्या डिजिटल मंत्री झाल्या, त्यांच्यामुळे ही गोष्ट जगभर पोचली.

पण गोष्ट तिथेच थांबवून टाळ्या वाजवणारे लेख वाचून मला वैताग येतो. पुढचं पण सांगा ना. २०१७ च्या फेब्रुवारीत दंड वाढल्यावर उबरने तैवानमधली सेवाच बंद केली, एप्रिलमध्ये परवानाधारक भाड्याच्या गाड्यांच्या कंपन्यांशी जोडून घेऊन परत आली, त्यावरून २०१९ मध्ये पुन्हा नियमांची ओढाताण. म्हणजे एकमताचा नकाशा आला तरी गाडं लगेच रुळावर आलं असं काही झालं नाही. धोरण हे असंच चालतं, कोर्ट असतं, दंड असतो, कंपनीची अडवणूक असते, मंत्रालयातली फाइल असते. २०१८ पर्यंत २६ विषय आणि त्यातल्या ८० टक्क्यांवर सरकारने काहीतरी पाऊल उचललं हा आकडा सगळीकडे फिरतो, आणि २०१७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या फिनटेक सँडबॉक्स कायद्यासारखी (पैशाच्या व्यवहारातलं नवं तंत्रज्ञान आधी छोट्या प्रमाणात आजमावू देणारा कायदा) ठोस उदाहरणं त्यात आहेत हे खरं, पण व्हीतैवानचा निष्कर्ष सरकारवर बंधनकारक कधीच नव्हता, आणि २०१८ नंतर त्याचा जोरही ओसरला. याउलट तिथलंच जॉइन नावाचं सरकारी पोर्टल बघा, दिसायला साधं, गणित काही नाही, पण ६० दिवसांत ५००० सह्या झाल्या की संबंधित खात्याला लेखी उत्तर द्यावंच लागतं. एकाकडे अक्कल आहे, दुसऱ्याकडे दात. दोन्ही एकत्र कुठे बघायला मिळालं तर मी राहिलेला दीड स्टार पण देऊन टाकेन.

स्वतः चालवून बघायचं म्हणून आमच्या धोरण-अभ्यासवाल्या ऑनलाइन ग्रुपमध्ये आम्ही वर म्हटलेला चेहरा-ओळख कॅमेऱ्यांचाच विषय उघडला. सेट करणं सोपंय, विषय लिहा, थोडं वर्णन लिहा, सुरुवातीची काही वाक्यं टाका, लिंक पाठवा. सुरुवातीच्या वाक्यांना बीज वाक्यं म्हणतात आणि सगळ्यात जास्त ताकद तिथे आहे. आम्ही अर्धी सुरक्षेच्या बाजूची, अर्धी खासगीपणाच्या बाजूची टाकली, तरी चर्चा त्याच दोन रुळांवरून धावली. कॅमेऱ्याचा डेटा कोणत्या कंपनीकडे राहणार, चुकीचा माणूस पकडला गेला तर भरपाई कोण देणार, असले प्रश्न बराच वेळ कोणी काढलेच नाहीत, कारण समोर आलेल्या वाक्यांनी 'विषय हा आहे' असं ठरवूनच टाकलं होतं. एखाद्या खात्याने मुद्दाम तसं करायचं ठरवलं तर फार कष्ट नाहीत, 'कॅमेरे कुठे लावावेत' यावरच सगळी बीज वाक्यं टाकायची, 'लावावेतच का' हा प्रश्न येतच नाही. वर मॉडरेटरला वाक्य अडवायचा अधिकार असतो. शिव्या, रिपीट वाक्यं, जाहिराती गाळायला तो हवाच, पण कोणतं वाक्य का गाळलं हे बाहेरच्याला दिसावं असं काहीतरी मॉडरेशन पानावरच हवं होतं.

आणि १४० अक्षरं! मला यावरच सगळ्यात जास्त बोलायचंय. छोट्या वाक्याचा फायदा आहे, लोक वाचतात, फोनवर पटापट मतं पडतात. पण तंत्रज्ञानाच्या धोरणात खरी लढाई अपवादांत असते. युरोपियन युनियनचा एआय कायदा घ्या, १ ऑगस्ट २०२४ ला लागू झाला आणि त्यातल्या मनाई केलेल्या गोष्टींची कलमं २ फेब्रुवारी २०२५ पासून. सार्वजनिक जागी पोलिसांनी तिथल्या तिथे, लाइव्ह चेहरा ओळखायला बंदी, हे झालं एक वाक्य, १४० अक्षरांत बसतं. पण त्यापुढे येतं की अपहरण झालेल्यांचा किंवा हरवलेल्या माणसांचा शोध असेल तर चालेल, जिवाला तातडीचा धोका किंवा दहशतवादी हल्ल्याचा धोका असेल तर चालेल, ठरावीक गंभीर गुन्ह्यांतला संशयित शोधायचा असेल तर चालेल, त्यासाठी आधी न्यायालयाची किंवा स्वतंत्र यंत्रणेची परवानगी हवी, घाई असेल तर वापर सुरू करून २४ तासांच्या आत परवानगी मागायची. आता सांगा यावर सहमत का असहमत? माझं स्वतःचं उत्तर 'पहिल्याला हो, तिसऱ्याला नाही, आणि परवानगी कोण देणार त्यावर अवलंबून' असं आहे, आणि पॉलिसमध्ये त्या उत्तराला जागा नाही. तुकडे करून चार वाक्यं लिहिता येतात म्हणा, पण मग ती चार वाक्यं एकत्र बघितली तरच अर्थ आहे हे मशीनला कोण सांगणार, आणि समोरच्या माणसाला त्यातली दोनच दिसली तर? सॅन फ्रान्सिस्कोने २०१९ मध्ये शहराच्या सगळ्या खात्यांना हे तंत्र वापरायला सरळ बंदी घातली, तसा सरळसोट प्रश्न असेल तर पॉलिस मस्त चालतं. अटी-शर्ती आल्या की दम लागतो.

'पास' बटणाचंही तसंच. मला कळत नाही म्हणून पास, मला फरक पडत नाही म्हणून पास, वाक्यच धड नाही म्हणून पास, सगळं एकाच पिशवीत. नवीन विज्ञानाच्या विषयात 'लोकांना हे कळलेलं नाहीये' ही माहिती सोन्यासारखी असते, सरकारने आधी समजावून सांगायला हवं हे त्यातून कळतं, आणि तीच इथे हरवते. खरंच, एक चौथं बटण 'समजलं नाही' असं द्या राव, एवढी एक मागणी आहे.

मग एकमताचा बेचवपणा. रिपोर्ट उघडला की वर दिसतात सगळ्या गटांना पटलेली वाक्यं, आणि ती बऱ्याचदा अशी असतात की 'प्रक्रिया पारदर्शक असावी', 'लोकांना माहिती द्यावी', 'गैरवापर झाल्यास कारवाई व्हावी'. यावर कोण असहमत होणार हो? अधिकाऱ्याला अहवालात चिकटवायला फार सोयीची वाक्यं आहेत, निर्णय मात्र काहीच होत नाही. अमेरिकेत केंटकीमधल्या बोलिंग ग्रीन शहरात २०२५ मध्ये पॉलिसवर मोठा प्रयोग झाला, शहर पुढच्या २५ वर्षांत कसं हवं यावर सुमारे ८ हजार लोकांनी भाग घेतला, १० लाखांवर मतं पडली, एका मध्यम शहरासाठी हे प्रचंड आहे, माझा सलाम. त्यात अर्ध्याहून जास्त कल्पनांवर ८० टक्क्यांहून जास्त लोक सहमत निघाले. बातम्यांमध्ये हे 'बघा आपण किती एकसारखे आहोत' म्हणून आलं, आणि त्यात तथ्य आहेच, टीव्हीवरच्या भांडणांपेक्षा माणसं खूप जवळ असतात. पण 'अमुक सोय हवी' याला हो म्हणणं सोपं, 'त्यासाठी तमुक खर्च कापा' असं वाक्य आलं की गट फुटतात. म्हणून माझा सल्ला, रिपोर्ट उघडला की आधी खाली जा, जिथे सगळ्यात जास्त फूट पाडणारी वाक्यं आहेत तिथे. धोरणाचं काम तिथून सुरू होतं.

बोलिंग ग्रीनमध्ये आणखी एक गोष्ट झाली, हजारो वाक्यांचा सारांश काढायला गूगलच्या जिगसॉ या विभागाचं सेन्समेकर नावाचं एआय टूल वापरलं. याबद्दल माझ्या मनात दोन मतं आहेत. चार हजारांच्या आसपास वाक्यं हाताने वाचून विषयवार लावायची तर महिने जातील आणि तोवर सगळ्यांचा उत्साह मावळेल, त्यामुळे मदत हवीच. पण आतापर्यंत पॉलिसचं जे बलस्थान होतं, की गणित साधं आहे आणि कोणीही डेटा उतरवून तेच उत्तर स्वतः काढून बघू शकतो, ते सारांशाच्या पायरीवर ढिलं पडतं. मॉडेलने कुठला मुद्दा वर घेतला, कुठला अर्ध्या ओळीत गुंडाळला, हे पडताळायला पुन्हा माणूसच लागतो. सारांशातल्या प्रत्येक विधानाखाली मूळ वाक्यं आणि त्यांची मतं दिसायलाच हवीत, ते नसेल तर मी तो सारांश वाचणार नाही, तुम्हीही वाचू नका.

आणि आलेली माणसं कोण हा प्रश्न आहेच. ज्याच्याकडे वेळ, नेट आणि आवड आहे तोच येतो, म्हणून यातल्या टक्क्यांना जनमत चाचणीचे टक्के समजायचं नाही. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये हवामानावरच्या नागरिक परिषदेत मला पटणारा मार्ग काढला, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी शंभरेक माणसं समोरासमोर बसून चर्चा करायला, आणि बाहेरच्या सगळ्यांसाठी पॉलिस. एकाने खोली, दुसऱ्याने रुंदी.

दुसरं काय वापरता येईल? शहराचं बजेट, प्रस्ताव, सह्या, बैठका असं सगळं एका जागी हवं असेल तर बार्सिलोनामध्ये २०१६ ला सुरू झालेलं डेसिडिम किंवा माद्रिदचं कॉन्सुल, दोन्ही ओपन सोर्स आणि दोन्ही मोठी धुडं आहेत, चालवायला माणसं लागतात, आणि तिथे कमेंटमध्ये भांडणं होतात ती होतातच. नवीन प्रकारात गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीच्या लोकांनी हाबरमास मशीन म्हणून केलंय, त्याचा पेपर २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला, ब्रिटनमधल्या साडेपाच हजारांवर लोकांसोबत प्रयोग, एआय सगळ्यांची मतं वाचून एक सामाईक निवेदन लिहितं आणि लोक त्यावर टीका करून ते सुधारून घेतात. माणूस मध्यस्थाने लिहिलेल्यापेक्षा एआयचं निवेदन ५६ टक्के वेळा पसंत पडलं. अपवाद आणि अटी तिथे लिहिता येतात, म्हणजे माझी मुख्य तक्रार तिथे नाही, पण लेखणी मशीनच्या हातात जाते. पॉलिसमध्ये निदान प्रत्येक शब्द माणसाचा असतो, मला अजून तरी तेच बरं वाटतं.

वापरणार असाल तर. पंचवीस-तीस लोकांच्या ग्रुपसाठी उघडू नका, गट कसेही पडतात आणि नकाशाला काही अर्थ नसतो, एवढ्या लोकांनी सरळ बसून बोलावं. प्रत्येकाकडून निदान सातएक मतं यायला हवीत, त्याशिवाय त्या माणसाला गटात धरलंच जात नाही. बीज वाक्यं विरोधी विचारांच्या दोन-तीन जणांकडून लिहून घ्या आणि त्यात 'हे मुळात करूच नये' असं एक वाक्य असू द्या. एका वाक्यात 'आणि' आलं की तोडून दोन करा, नाहीतर लोक अर्ध्याला सहमत आणि अर्ध्याला असहमत होऊन पास दाबतात. सरकारी खातं किंवा पालिका चालवणार असेल तर लिंक फिरवायच्या आधी एक कागद जाहीर करायला लावा, की अमुक तारखेपर्यंत प्रत्येक गटाच्या मुद्द्यांना लेखी उत्तर देऊ, मान्य नसेल तर का ते सांगू. तो कागद मिळत नसेल तर लोकांचा वेळ घेऊ नका, कारण एकदा तोंडदेखलं विचारून बोळवण झाली की पुढच्या वेळी कोणी फिरकत नाही. आणि चर्चा बंद झाली की कच्चा डेटा लगेच उतरवून ठेवा, रिपोर्टचं पान दिसायला छान आहे पण सहा महिन्यांनी कोणी 'हे असं ठरलंच नव्हतं' म्हणालं तर ती फाइलच कामाला येते.